मीठ बाहेर टाकणारा हमाल

फार पूर्वीची नव्हे, अगदी आत्ताची गोष्ट. तुमच्या करंगळीच्या टोकात डोळ्यांना न दिसणारं एक गाव आहे. शाळेत त्याला पेशी म्हणतात. गावाभोवती पातळसा तट आहे आणि तटाला वेशी आहेत. ज्याला त्याला आपापल्या वेशीतून जावं लागतं. पाण्याला मात्र कुणी अडवत नाही.

या गावाला नवा पाटील मिळाला. स्वभावानं भारी चौकस. पहिल्याच दिवशी त्याच्या ध्यानात आलं, की गावात भाजलेल्या दर तीन भाकऱ्यांतली एक वेशीवरचा हमालच खातो. आणि काम काय? तीन टोपल्या मीठ बाहेर टाकायचं, येताना गावाला लागणारी दोन टोपल्या राख आणायची. दिवसभर तेच.

"काल टाकलेलं मीठ कुठं गेलं रे?" पाटलानं विचारलं.

"आलं की परत आत. तटाला फटी हायेत."

"मग टाकतोस कशाला?"

हमालानं डोकं खाजवलं. "ते न्हाई ठाऊक, पाटील. आज्यापासनं टाकतोय."

पाटलाला हसू आलं. "मग आजपासून थांब. काय होतं ते बघू तरी." हमालाची भाकरीही बंद झाली.

दुपारपर्यंत बऱ्याच बोळांत मीठ साचलं. मग पाटलाच्या घरात पाणी आलं. हे आलं कुठून, म्हणून तो गावभर हिंडला. ज्या बोळात मीठ नव्हतं तो कोरडाच होता. जिथं मीठ, तिथंच पाणी. मिठाच्या ओढीनं बाहेरचं पाणी आत येत होतं आणि तट फुगून पापडासारखा पातळ झाला होता. आता तो फुटणार आणि आपल्या पायी गाव जाणार, हे पाटलाच्या ध्यानात आलं.

धावत तो वेशीवर गेला. हमाल तटाला टेकून बसला होता.

"ऊठ बाबा, टोपली उचल."

"उठवत न्हाई, पाटील. पोटात काई न्हाई."

पाटलानं आपल्या ताटातली भाकरी आणून त्याला स्वतःच्या हातानं भरवली. हमाल उठला. टोपल्यांमागून टोपल्या मीठ बाहेर गेलं, त्यामागोमाग पाणीही गेलं आणि तट जागेवर आला.

पाटील अजून तितकाच चौकस आहे. आजही वेशीवर बसून हमालाला शंभर प्रश्न विचारतो. फक्त आधी भाकरी पुढं करतो.

तात्पर्य एवढंच: एखादं काम कशासाठी चाललंय ते कळत नसेल तर जरूर विचारावं, पण कळायच्या आधी ते बंद पाडू नये.