चाळीस सेकंदांची नावं

"मग चोरी नाही तर काय म्हणायचं याला, चाचा?"

इमामचाचांनी मान वर केली नाही. ते मांडीवरच्या ताशाची दोरी आवळत होते. गाठ पुरती बसेपर्यंत ते कुणालाच उत्तर देत नसत, हे रेवतीला बारा वर्षांपासून ठाऊक होतं. तरी तिला राग आलाच.

नीरेच्या अलीकडच्या काठावर दर्गा, दर्ग्यापुढे चिंच, आणि चिंचेखाली इमामचाचा मुलाणी. पंचक्रोशीत ज्याने म्हणून ताशाच्या काड्या हातात धरल्या, त्याने त्या पहिल्यांदा इथेच धरल्या. रेवती शिवतरेनेही. आता ती तालुक्याच्या शाळेत गणित शिकवत होती आणि संध्याकाळी अलीकडच्या काठच्या चाळीस पोरापोरींचं पथक चालवत होती. उद्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. समोर पलीकडच्या काठचं पथक, आणि त्याच्या पुढे दिगंबर खोपडे. फिरती ढाल तीन वर्षं पलीकडेच मुक्काम ठोकून होती. नावाप्रमाणे तिने जरा फिरावं, एवढंच अलीकडच्यांचं म्हणणं होतं.

गाठ बसली.

"काय चोरलं म्हनतीस?"

"माझा हात."

ठेक्याच्या एकेका बंदिशीला वाजवणारे 'हात' म्हणतात. रेवतीने हा हात तीन महिने खपून बांधला होता. जत्रेत एकदाच वाजवून पाहिला होता. आणि काल पहिल्या फेरीत दिगंबरच्या पथकाने तो तिच्या आधी वाजवला.

"आमची पाळी त्यांच्यानंतर. आम्ही सुरू केलं तर लोक म्हणतात, अरे, हे तर आत्ताच ऐकलं की! माझाच हात, आणि नक्कल मी केली!" तिने खांद्यावरची पिशवी खाली आपटली. "पोरं रडली, चाचा."

"मंग?"

तिने पिशवीतून कागद काढला. सुवाच्य अक्षर, डावीकडे समास सोडलेला, मुद्द्यांना आकडे.

"तक्रार लिहिलीये. चारच्या आत पंचांकडे द्यायची. हात माझा आहे, अशी खाली तुमची सही हवी. तुमचा शब्द पंच मोडणार नाहीत."

"दिग्याचं काय व्हईल?"

"बाद होईल."

"आनि त्याची पोरं?"

"…पथकच बाद होतं, चाचा."

चाचांनी कागद घेतला, उलटासुलटा पाहिला, आणि ताशा तिच्यापुढे सरकवला.

"करतो की सही. पर हात कुनाचा त्ये बघून करतो. वाजीव."

"आत्ता?"

"व्हय. फकस्त, जे तुजं न्हाई त्ये सोडून वाजीव."

रेवतीला हसू आलं. काड्या उचलून तिने सलामीची पहिली तड उठवली. चिंचेवरचे कावळे उडाले.

"थांब. ही सलामी कुनाची?"

"…तुमची."

"माजी कशाची? अकबर उस्तादाची. पुढं चल."

सलामी सोडून ती पुढच्या घोळावर, घोळवत न्यायच्या तुकड्यावर आली. जाडा, घुमारेदार, रेवतीला फार आवडणारा.

"ही तर बापू पिंजाऱ्याची धनुकली. आमच्या लहानपनी दारात बसून कापूस पिंजायचा. तवा तुजा बापबी जन्माला आला नव्हता. पुढं."

पुढे तीनाची झड, तीन-तीन ठोक्यांचा भडिमार. हिच्यावर जत्रेत लोकांनी शिट्ट्या मारल्या होत्या. रेवती जरा अवघडूनच वाजवू लागली, कारण उत्तर तिला माहीत होतं. शिकवताना चाचांनीच सांगितलं होतं.

"कांडणाऱ्या तिघी," ती आपणच म्हणाली.

"सोनाबाय, गुनाबाय आनि माजी आई. येका उखळात तीन मुसळं. येकमेकीला कदी लागली न्हाईत बघ." म्हाताऱ्याचे डोळे क्षणभर ओले झाले. "पुढं चल."

असं करत हात आखडत गेला. आधी आठ आवर्तनांचा चाराचा झाला, मग दोनाचा. शेवटच्या तिहाईशी, तोच तुकडा तीनदा वाजवून हात संपवायच्या जागी आल्यावर तीही सोडावी लागली, कारण ती कुण्या जुन्या हलगीवाल्याची होती. रेवतीच्या काड्या हवेत राहिल्या.

आता वाजवायला काहीच उरलं नव्हतं.

आणि तेव्हा तिला आठवलं, तिहाईच्या आधी एक जागा होती. तिथे सगळं पथक थांबायचं. तालमीत एकदा ती पुढचं साफ विसरली, काड्या वर धरून उभी राहिली, आणि तिच्याकडे बघत चाळीस जण श्वास रोखून थांबले. मग एकदम तिहाई पडली, आणि पोरं आनंदाने ओरडली. ती चूक तिने ठेवून घेतली. ती कुठून आणली नव्हती, तिला कुणी दिली नव्हती.

ती तशीच थांबली. चाचा बोटांवर मात्रा मोजत होते.

"…हे माझं," ती म्हणाली.

"हे तुजं. बेस हाये. म्या आयुष्यात आसं काय केलं न्हाई." ते मनापासून म्हणाले, आणि राग विसरून रेवती लहान मुलीसारखी लाजली. "मंग दिग्यानं तुजं न वाजवनं चोरलं म्हन की. तसं ल्ही तक्रारीत."

"चेष्टा करू नका, चाचा."

"करत न्हाई. म्या हितं बसून ऐकलं काल, वारा हिकडचाच व्हता. त्याचं बी ऐकलं, तुजं बी. पर येक सांग… सलामीच्या आदी नावं कुनी घेतली?"

रेवतीने काड्या खाली ठेवल्या.

ही चाचांच्या घराण्याची रीत. ज्यांच्याकडून काही घेतलं, त्यांची नावं वाजवण्याआधी मोठ्याने घ्यायची. अकबर उस्तादापासून कांडणाऱ्या तिघींपर्यंत सगळी अकरा नावं. सावकाश घेतली तर चाळीस सेकंद जातात.

"स्पर्धेत आठच मिनिटं मिळतात," ती खाली बघत म्हणाली. "चाळीस सेकंदांत एक अख्खी झड बसते. म्हणून… गाळली."

"व्हय व्हय. आठ मिनटं म्हंजी थोडीच की."

चाचा रागावले असते तर बरं झालं असतं. रेवतीचे कान तापले. उखळातल्या तिघींना तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण आता त्या तिघी मुसळं टेकून आपल्याकडे बघताहेत, असं तिला उगाचच वाटलं.

"दिग्यानं घेतली?" चाचांनी विचारलं.

"घेतली. तोही तुमचाच ना! सगळी घेतली, आणि तिहाईचा पहिला ठोका पडतोय तोच वेळ संपून घंटा झाली. पुढची तिहाई वाजलीच नाही त्याची. गुण कापले गेले. तरी अंतिम फेरीला आलाच." मग तिला पुन्हा आठवलं, आणि आवाज चढला. "आणि नावं घेता घेता मला टोमणा मारायलाही चुकला नाही! शेवटी माइकवर म्हणतो, 'आणि नदीपलीकडची.' सगळं मैदान हसलं. शिट्ट्या काय, आरोळ्या काय!"

"शेवटी म्हनला?"

"हो. अकरा नावं झाल्यावर."

"मंग सलामी दिली?"

"…हो."

दोरीचं उरलेलं टोक चाचांनी बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"जित्या मानसाचं नाव घेत न्हाईत, पोरी," ते अखेर म्हणाले. "दिष्ट लागती. नुस्तं ठिकान सांगायचं. दिग्यानं येकदा इचारलं तवा त्याला सांगितलं व्हतं. तुला कदी शिकवलं न्हाई त्ये… लागलंच न्हाई. आमच्या नावात जितं कुनी नव्हतंच की आजवर."

रेवतीने मनात मोजलं: अकरा नावं, आणि बारावी ती. मग तिने तोंडावर हात धरला.

नदीवरून कुणीतरी म्हशींना हाळी दिली. दर्ग्याच्या पायरीवर एक शेळी येऊन बसली. चाचांनी तिच्या पिशवीतलं पेन मागून घेतलं, आणि कागद गुडघ्यावर ठेवून, एकेक अक्षर कोरत, तक्रारीखाली सही केली.

"घे. हात बांदला तू. त्येवढी जागा तुजी. खोटं कशाला बोलू?"

साडेतीन वाजले होते. पंचांचं बिऱ्हाड पूल ओलांडला की लगेच.

रेवती सहीकडे बघत बसली. एवढा वेळ जिच्यासाठी जीव टाकला, ती सही आता तिच्या हातात होती, आणि तिला ती नको झाली होती. दिगंबर शाळेत तिच्या दोन इयत्ता पुढे होता. बोलताना अडखळायचा. माइकवर ते दोन शब्द बोलायला त्याला काय पडलं असेल, ते तिला आत्ता कळत होतं.

"मगाशी किती मात्रा थांबलीस?" चाचांनी विचारलं.

"दोन."

"म्या मोजलं. चार."

ती चमकली. गणिताची बाई, मोजण्यात चुकत नसे. तिने मनातल्या मनात पुन्हा थांबून पाहिलं. चारच. काल दिगंबर चार थांबला होता. तेव्हा रागाच्या भरातही तिचा श्वास अडकला होता, आणि आपल्या दोनपेक्षा ते चांगलं आहे हे तिला तेव्हाच कळलं होतं. फक्त कबूल करायचं नव्हतं.

तिने कागद उलटा केला. सहीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. अकबर उस्ताद. बापू पिंजारी. सोनाबाई. गुणाबाई. चाचांच्या आईचं नाव विचारून घेतलं. अकरा झाली. मग जरा थांबून, मनाशी हसत, तिने खाली बारावं लिहिलं: नदीपलीकडचा.

चाचांना सहीपुरतीच अक्षरं येत होती, वाचता येत नव्हतं, तरी ते वाकून बघत होते.

लिहून झालं आणि बाईंचा हिशेब जागा झाला.

"चाचा… सगळी नावं घेतली तर आमचीही तिहाई घंटेत जाईल. शेवटच वाजणार नाही. आणि एका रात्रीत मधलं काही कापून पुन्हा बसवता येणार नाही. तीन महिने पोरांनी मेहनत केलीये. मी काय सांगू त्यांना?"

चाचांनी ताशा पुन्हा मांडीवर ओढून घेतला.

"ऱ्हाऊ दे की न वाजता. …लोक घरी जाऊन वाजीवतील."