घरट्याचा पत्ता

सह्याद्रीच्या उतारावरच्या एका रानात, सागाच्या कोवळ्या रोपट्यावर एक शिंपीण राहत असे. शिंपीण म्हणजे बोटाएवढी पक्षीण बरं का, मुलांनो. चोचीच्या सुईने आणि कापसाच्या दोऱ्याने ती पानाच्या कडा शिवते आणि त्या द्रोणात आपला संसार मांडते. हिचा हात तर असा, की शेजारच्या लेकुरवाळ्या पक्षिणीही हिच्याकडूनच पाळणे शिवून घेत आणि बदल्यात अळ्या आणून देत. पोटापुरता धंदा करणारे असे त्या रानात पुष्कळ होते. कुंभारीण माशी मातीची इवली मडकी घडवी, सुगरण गवताचे झोके विणी.

रानाचा मुखिया होता एक म्हातारा गवा. मनाने फार भला. लहानांचे उद्योग चालावेत म्हणून त्याने जांभळाच्या ढोलीत सावरीचा कापूस, चिकणमाती आणि लांब गवत भरून ठेवलं होतं. वाटपाला कारभारी नेमला भारद्वाज. सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, असं माणसं म्हणतात. माणसांची अंडी कोणी पळवत नाही, म्हणून म्हणत असतील! या भारद्वाजाने नियम केला, "आधी जागा दाखवा, मग मदत न्या." गव्याला नियम पटला. एवढं मोठं धूड, ते कधी कोणापासून लपलं असेल तर त्याला त्यातली मेख कळणार!

पहिल्यांदा इवली मुनिया पक्षीण गेली. भारद्वाज तिच्या घरी जाऊन आला, घरट्याची तोंडभर स्तुती केली, गवतही दिलं. काही दिवसांनी मुनिया पिल्लांसाठी चारा घेऊन परतली तर घरटं रिकामं. कोणी काही पाहिलं नव्हतं, म्हणून कोणी काही बोललंही नाही. पण त्यानंतर ढोलीकडे कोणी फिरकेना.

एके सकाळी जोराचा वारा सुटला आणि शिंपिणीच्या घरट्याची शिवण उसवली. पान एका बाजूने उघडं पडलं. आत तीन पिल्लं, अंगावर पीसही नसलेली. शिंपिणीने कोळ्याचं जाळं आणून टाके घातले, ते तटातट तुटले. रानात सावरीचा कापूस कधीच उडून गेला होता, उरला होता तो फक्त ढोलीत. पुन्हा वारा आला तर पिल्लं खाली पडणार, हे तिला दिसत होतं. शेवटी ती ढोलीपाशी गेली.

"या बाई," भारद्वाज म्हणाला. त्याचे लाल डोळे तिच्यावरून हलेनात. "कापूस ना? मिळेल की! घरटं कुठल्या झाडावर?"

"ते... जरा लांब आहे, साहेब."

"असू दे. मला चालायची सवय आहे. पिल्लं किती?"

शिंपीण कापूस न घेताच मागे वळली.

त्याच दुपारी गवा ढोली पाहायला आला. ढोली काठोकाठ भरलेली! त्याने सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाला, "इतक्या दिवसांत कोणी काडी उचलली नाही. म्हणजे तुम्हाला काही कमी नाही. उद्यापासून ढोली बंद."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शिंपिणीला मात्र उसवलेलं पान डोळ्यांसमोर दिसत होतं.

"कमी आहे, आबा," ती कशीबशी बोलली.

"कोण ते? भिऊ नकोस, पोरी. कुठल्या झाडावर राहतेस तू?"

झुडपाशी उभ्या भारद्वाजाने हळूच मान पुढे केली.

"तेवढंच विचारू नका, आबा. तुम्हाला शिंगं आहेत. आम्हाला काय आहे? आमचं घरटं कोणाला सापडत नाही, म्हणून आम्ही जगतो. मुनियाने पत्ता सांगितला. तिला गवत मिळालं, पण पिल्लं राहिली नाहीत."

"पुरावा आहे का?" भारद्वाजाने विचारलं.

"नाही, साहेब. मी आळ घेत नाही. पण जो अंडी-पिल्लं खातो, त्यालाच घर दाखवल्याशिवाय कापूस मिळायचा नसेल, तर आम्ही यायचं तरी कसं?"

गव्याने सगळ्यांकडे पाहिलं. कुंभारीण माशी पानाआड सरकली. सुगरणीने मान खाली घातली. मुनिया रडत होती. तेव्हा कुठे त्या मोठ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि गव्याला स्वतःची लाज वाटली.

"ढोली रिकामी करा," तो म्हणाला. "सगळं उघड्या कातळावर मांडा. ज्याला हवं त्याने न्यावं. घर कोणी विचारायचं नाही. आणि कारभारी, तुम्ही कातळाकडे फिरकायचं नाही."

"कोणी जास्त नेलं तर?" भारद्वाज म्हणाला.

"चोचीत मावेल त्याहून जास्त कोण नेणार आहे?"

शिंपिणीने चोचभर कापूस घेतला, पण ती सरळ घरी गेली नाही. भीती काय एका हुकुमाने जाते? ती तीन झाडं उलट दिशेने गेली, करवंदीच्या जाळीत शिरली आणि दबकून बसली. जवळच "कूप, कूप" असा भारद्वाजाचा आवाज आला. वारा पुन्हा उठला होता. पिल्लांकडे धावावं तर माग लागेल, थांबावं तर पान फाटेल. जीव मुठीत धरून ती बसून राहिली. आवाज दूर गेला तशी ती उडाली. पान अर्धं लोंबत होतं. तळाशी तीन पिल्लं एकमेकांना बिलगून होती. रडायलाही सवड नव्हती. तिने टाका घातला, मग दुसरा, मग तिसरा.

संध्याकाळी गवा कातळावर आला. वर्षभर पुरेल असं त्याला वाटलेलं सामान एका दुपारीत संपलं होतं. कापसाचा एक तंतूही उरला नव्हता.

"इतक्यांना हवं होतं!" तो पुटपुटला.

तात्पर्य हे, मुलांनो : मदत मागायला कोणी येत नाही म्हणून कोणाला गरज नाही असं समजू नये, आधी दारात कोणाला बसवलं आहे ते पाहावं.