हातभर लांब स्की

“अन् एवढ्या लांब कुणासाठी गं?”

सुभेदार आबांनी विचारलं आणि शाल्मलीला रागच आला. स्की खांद्यावर टाकून ती बाजारातून धापा टाकत वर आली होती. निदान बऱ्या आहेत एवढं तरी म्हणायचं!

“माझ्यासाठीच. जुन्या आहेत, पण पट्टीच्या खेळाडूच्या.”

आबा साताऱ्याकडचे. फौजेतून सुटले ते मनालीच्या वर, बर्फातच राहिले, स्की शिकवत. शाल्मली सांगलीची. दोन हिवाळे त्यांच्याकडे भाड्याच्या स्कींवर शिकलेली. शिकवण्या करून साठवलं, तेव्हा कुठे एक जोडी घेता येणार होती. एकच. ती चुकली तर पुन्हा घेणं नाही, की इथं येणं नाही.

“हनुवटीएवढ्या पुरे होत्या तुला. या डोक्यावर हातभर जातायत.”

“तसल्या नवशिक्यांना, आबा. मी काय आता नवशिकी आहे? आणि एकदाच घ्यायच्या, तर पुढं पुरणाऱ्या नकोत? आमच्या आईनं शाळेचा फ्रॉक कधी मापाचा घेतला नाही. दरवर्षी एक दुमड उसवायची, झालं!”

आबांना हसू आलं.

“दुकानदार काय म्हणाला?”

“संध्याकाळपर्यंत वापरून बघा, मग पैसे द्या.”

“मग बघ की.”

ती निघाली. पहिल्याच वळणाला स्की काही वळेनात... आणि बाईसाहेब आडव्या. उठली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा मात्र उठलीच नाही. बर्फात बसून लहान पोरीसारखी रडायला लागली.

आबा सावकाश उतरून आले. गुडघे टेकून त्यांनी तिच्या बुटाचे खटके उघडले. बूटही दोन नंबर मोठा, पुढं कापूस कोंबलेला. आत पायाची बोटं लाल, गारढोण.

आबांनी हातमोजे काढले आणि तिचं पाऊल दोन्ही तळव्यांत घेऊन चोळायला लागले.

“अहो आबा, माझ्या पायांना काय हात लावताय!” शाल्मली शरमेनं पाय ओढायला लागली.

त्यांनी सोडला नाही. चोळत राहिले... बराच वेळ.

“चुकलंच माझं,” ती हळूच म्हणाली. “पण आबा, पुढच्या वर्षी मी तयार झाले, की मग हनुवटीएवढ्या छोट्या पडतील, त्याचं काय?”

“पुढच्या वर्षीची शाल्मली येईल तेव्हा बघू, पोरी...” आबा तिच्या पावलावर फुंकर घालत म्हणाले. “गारठलीय ती ही, आत्ताची.”