बारवेचा हुंकार

एक होते वामनभट पुराणिक, एक त्यांची लेक गोदी, आणि गावाबाहेरच्या बारवेवर एक गोसावी. भर दुपारी, जेव्हा त्या वाटेला पोरांखेरीज चिटपाखरू जात नाही, तेव्हा हे तिघं भेटले.

“पोरांच्याही खाली कोण बसलंय?” पुराणिकांनी विचारलं.

“कुणी नाही. पाणी आहे,” गोसावी म्हणाला.

“मग आत्ता ‘हं’ कोण म्हणालं?”

गोसाव्यानं पायऱ्यांकडे मान वळवली.

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, चांगली खोल. तळच्या पायरीवर गुराख्याची सखू पाण्याकडे तोंड करून गोष्ट सांगत होती. वरच्या पायऱ्यांवर पोरं ओठ दाताखाली धरून बसलेली. त्यांचा खेळच तो. गोष्ट सांगायची पाण्याला, हुंकार द्यायचा पाण्यानं. मधे कुणी तोंड उघडलं की ते बाद. आणि गोष्ट रटाळ झाली, हुंकार थांबला, की सांगणारा बाद.

“आवाज घुमतो, दुसरं काय!” पुराणिक म्हणाले.

“असेल.”

गोदी बापाच्या मागे उभी होती. पुराणिक तिला रोज पोथी वाचायला बसवत. अक्षर चुकलं की छडी. एक दिवस ती एका अक्षरावर थांबली ती थांबलीच. पुढे ना वाचन, ना बोलणं. वैद्य झाले, अंगारे झाले. आई भाकरी थापताना लेकीच्या ओठांकडे बघायची आणि भाकरी करपायची.

“महाराज, एकुलती एक लेक आहे हो. तिचा आवाज परत द्या.”

“मी नेला नाही.”

“मग कुणाकडे आहे?”

गोसाव्यानं खाली बोट दाखवलं. “जा. पाण्याला गोष्ट सांग.”

“मी? माझं पुराण ऐकायला चार गावची माणसं येतात, महाराज!”

“माणसं येतात. पाणी येतं का बघ.”

पुराणिक उतरले. गोदी दोन पायऱ्या वर बसली, गोसावी बापाशेजारी. पोथी मांडीवर ठेवून पुराणिकांनी घसा साफ केला. “मुलांनी नेहमी वडिलांच्या आज्ञेत राहावं. जो आज्ञेत राहत नाही...”

पाणी गप्प.

“भटजीबाबा, पाणी झोपलं!” सखू ओरडली. “बाद!”

पोरं खिदळली. पुराणिकांचे कान लाल झाले. त्यांनी दुसरी गोष्ट धरली. पोथीतलीच, पण पोथी न उघडता.

“एका राजाची सावली हरवली.”

“हं,” पाणी म्हणालं.

“सकाळी उठून बघतो, तर राणीची सावली आहे, घोड्याची आहे, आपली नाही.”

“हं.”

पुराणिक थबकले. आवाज ओळखीचा होता. त्यांनी वळून पाहिलं. गोदीचे ओठ घट्ट मिटलेले. गळासुद्धा हलत नव्हता.

अंगावर सरसरून काटा आला. पण आपण थांबलो तर तो आवाजही थांबेल, या धास्तीनं ते सांगत सुटले. राजा रानात गेला. ऊन असं की दगड फुटावेत. एका खडकाआड त्याला काळं काहीतरी हललेलं दिसलं. तो जवळ गेला, वाकला, आणि...

गोसाव्यानं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

बारवेच्या कोनाड्यांतल्या कबुतरांचं घुमणं बंद पडलं...

“मग?” खालून आवाज आला.

पुराणिक धडपडले. गोसाव्याचा हात हलेना.

“मग?” आता जवळून.

तळच्या पायरीपासून वर ओली पावलं उमटत होती. लहान लहान. चालणारं कुणी नव्हतं. पावलं पुराणिकांना वळसा घालून गेली आणि गोदीपाशी थांबली.

“मग?” गोदी म्हणाली.

गोसाव्याचा हात अजून बापाच्या तोंडावरच होता. तेव्हा तिनं बापाच्या मांडीवरची पोथी ओढली, फडक्याची गाठ सोडली आणि ओळीवर बोट ठेवलं.

“खडका... आड... धनगरणीचं तान्हं निजलं होतं. त्याला ऊन लागू नये म्हणून... राजाची सावली... ओळंबून...”

“ओणवून,” पुराणिक गोसाव्याचा हात बाजूला सारून गरजले. त्यांचा स्वतःचा हात सवयीनं मारायला वर गेला होता.

गोदी थांबली. पाणी डुचमळलं...

पुराणिकांनी आपला हात मांडीखाली घातला आणि दाबून धरला.

“ओणवून उभी होती,” गोदी वाचू लागली. “राजानं ते पाहिलं, आणि तो सावलीवाचून घरी गेला.”

पुढे पुराणिकांच्या ओटीवर रोज दुपारी गोदी वाचायला बसू लागली. सखूसकट गावची पोरं दाटीवाटीनं जमायची. नेमक्या जागी गोदी पोथी मिटायची, आणि मग तिच्या हातातून ती ओढून पुढचं वाचायला झोंबाझोंबी. भाकरी करपायच्या थांबल्या. घर कसं भरल्यासारखं झालं.

एक दिवस पुराणिक एकटेच बारवेवर आले.

“महाराज, गोदी वाचते तेव्हा कोपऱ्यातून कुणीतरी हुंकार देतं. पोरांपैकी नाही. पोरं उठून गेल्यावर बघतो, तर तिथली जमीन ओली.”

“तू देतोस का हुंकार?”

“मी...? मी चुका ऐकत असतो.”

गोसाव्यानं खाली पाण्याकडे पाहिलं.

“तू दे. म्हणजे कोपऱ्यातलं ते पाण्यात परत येईल. इथं पाणी फार गप्प झालंय.”