रंगारीण आणि तीन शाळा

नदीकाठच्या एका गावात एक रंगारीण राहत होती. तिला एकच मुलगी होती.

गावात शाळा मात्र तीन होत्या. चावडीशेजारी राजाची शाळा होती; तिथं कुणीही यावं, लिहायला-वाचायला आणि हिशेब करायला शिकावं. बाजारामागं कारागिरांची शाळा होती. तिथं सकाळी अक्षरं गिरवायची आणि दुपारी हातानं काम शिकायचं. तिसरी टेकडीवरच्या मठाची. तिथली मुलं तिथंच राहायची आणि जुनी काव्यं तोंडपाठ करायची.

रंगारीण लहानपणी नदीवर कापड धुवायला जायची, तेव्हा टेकडीवरून त्या मुलांचे सूर ऐकू यायचे. काम विसरून ती ऐकत राहायची. एकदा तर अख्खं लुगडं वाहून गेलं, तरी तिला कळलं नाही.

"पोरीला मी मठातच घालणार," ती शेजारणीला म्हणायची.

"अगं, पण तिला काय आवडतं ते बघ की! दिवसभर तुझ्या रंगाच्या रांजणात हात घालून बसते. निळी मांजर झालीय नुसती!"

"लहान आहे ती. तिला काय कळतंय?"

मठात निळ्या हातांची मुलगी कशी चालेल, म्हणून रंगारणीनं महिनाभर तिला रंगाला शिवू दिलं नाही. रोज चिंचेनं तिचे हात घासले. हात स्वच्छ झाले आणि मुलगी मठात गेली.

पौर्णिमेला आई भेटायला गेली. मुलगी वाळली होती. पाठांतर मात्र चोख होतं. तिनं एक लांबलचक काव्य न अडखळता म्हणून दाखवलं. आईचे डोळे भरून आले.

"पुन्हा म्हण गं."

मुलीनं पुन्हा म्हटलं. मग विचारलं, "आई, ढगाळ दिवशी नीळ वेगळी का दिसते? इथं कुणीच सांगत नाही."

"आता ते कशाला? केवढं भाग्य तुझं! मी तर जन्मभर बाहेरूनच ऐकत राहिले."

"मग तू का नाही आलीस इथं?"

"मला कुणी विचारलंच नाही, बाळा."

"मलाही नाही विचारलंस."

कुठल्या सुतावर कुठला रंग बसतो, हे एक टोक बुडवून पाहिल्याशिवाय रंगारणीनं आजवर एकही कापड रांजणात टाकलं नव्हतं. पोटच्या पोरीला मात्र न पाहताच बुडवलं होतं.

तिनं मठाच्या आचार्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "घेऊन जा तिला. शाळा आमची चांगली आहे, पण ती तिची नाही."

दुसऱ्या दिवशी मुलगी कारागिरांच्या शाळेत गेली. आत धावताना तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

रंगारीण घरी निघाली, पण पाय टेकडीकडे वळले. आत मुलं काव्यं म्हणत होती. ती दाराशी उभी राहिली.

"आज कुणाला आणलंत?" आचार्यांनी विचारलं.

"कुणालाच नाही. मीच आलेय," ती म्हणाली. "अगदी मागं बसेन. चालेल?"

आचार्य दारातून बाजूला सरकले.

तात्पर्य: प्रत्येक शाळा वेगळं काही देते आणि प्रत्येक मूल वेगळं काही मागतं. ते काय मागतंय हे आधी ऐकावं, मग शाळा निवडावी. आपली राहून गेलेली हौस त्याच्या गळ्यात घालू नये.