पश्चिमेची भिंत

त्या राज्यात पडायला आलेल्या भिंतींनाही रांगेत उभे राहावे लागे. रांगा दोन होत्या. ज्यांची डागडुजी होऊ शकते अशा भिंतींची एक, आणि ज्या पाडून नव्याने बांधायच्या त्यांची दुसरी. दोन्ही कामांना लागणारी माती सगळ्यांची होती. दर वर्षी प्रत्येक बिळातून, घरट्यातून आणि ढोलीतून एक ओंजळ माती सरकारी ढिगावर येई. तिचा कणही वाया जाऊ नये म्हणून इतके नियम झाले होते, की ढीग वाढत राही आणि भिंती पडत राहत. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. हेतू सगळ्यांचे चांगलेच होते, आणि खरी पंचाईत तीच होती.

टेकडीवर तीन खोल्यांची एक शाळा होती. भारद्वाज पक्षी तिथे गुरुजी होते. ससे, खारी, मुंगसे, तित्तर, ज्याला म्हणून पिल्लू झाले तो ते थोडे मोठे झाले की गुरुजींच्या हवाली करी. शाळेच्या पश्चिमेच्या भिंतीला खिडकी होती. सकाळचा दुसरा पाठ सुरू झाला की तिच्यातून टेकडीवरचा वारा आत येई आणि पेंगणारी पिल्ले जागी होत.

याच भिंतीवर कधीकाळी एक घोरपड शिकली होती. तिला बाकावर बसता येत नसे. चार दिवस ती घसरून पडली, पोरे हसली, तेव्हा गुरुजी म्हणाले, "तू भिंतीवर बस. पण लक्ष फळ्याकडे." मग ती खिडकीशेजारी भिंतीला धरून राही आणि तिथूनच पाढे म्हणे. पुढे ती मोठी झाली आणि राज्याची भिंत-निरीक्षक झाली. भिंतीवर चढून माप घेणारे तिच्याइतके दुसरे कोणी नव्हते. पश्चिमेच्या भिंतीला भेग गेल्याची खबर आली, तेव्हा ती कोणाची वाट न पाहता त्याच दिवशी निघाली.

भेग पाहण्याची त्या राज्यात एक रीत होती. भेगेवर अभ्रकाची पातळ पट्टी डिंकाने आडवी चिकटवायची आणि एक हंगाम थांबायचे. पट्टी अखंड राहिली तर भेग झोपलेली, भिंत डागडुजीच्या रांगेत. पट्टी तडकली तर भेग जागी, भिंत नव्याच्या रांगेत. निकाल लागून काम पुरे होईपर्यंत आत कोणी बसायचे नाही. घोरपडीने पट्टी लावली, गाठी मारलेल्या दोरीने भेग मोजली, ताडाच्या पानावर माप कोरले आणि खाली येऊन गुरुजींना सांगितले, "एकच हंगाम, गुरुजी."

गुरुजी पिल्लांना घेऊन टेकडीखालच्या चिंचेच्या झाडाखाली आले. एक हंगाम म्हणजे काहीच नाही, असे त्यांना वाटले. तरी पिल्लांची शाळेत बसायची सवय मोडू नये म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्या लांब शेपटीने धुळीत शाळा काढली. खरी होती तेवढीच मोठी. तीन खोल्या, उंबरा, फळ्याची जागा, पश्चिमेच्या भिंतीत खिडकी. नियम एकच ठेवला: दारातून यायचे, पाय पुसून यायचे, भिंतीवरून उडी मारायची नाही.

हंगाम संपला. पट्टी अखंड होती. भिंत डागडुजीच्या रांगेत गेली आणि तिचा नंबर तिसऱ्या वर्षी आला. मातीची घरे बांधणाऱ्या कुंभारमाश्या चार हात भेगेची माती घेऊन आल्या, पण तोवर भेग सहा हात झाली होती. अर्धवट डागडुजी करायची नाही असा नियम होता, म्हणून माती परत गेली. घोरपडीने नवी पट्टी लावली, ती वादळात तडकली, भिंत नव्याच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. तिथे विचारले गेले की भेग आजही जागी आहे का. पुन्हा पट्टी. त्या वर्षी भेगेने हूं की चूं केले नाही. भिंत परत पहिल्या रांगेत आली, अर्थात शेवटी.

अशी अकरा वर्षे गेली. दर खेपेला घोरपड भिंतीवर चढे, इंच न चुकता भेग मोजी आणि एक पान कोरी. कुठे भेग केसाएवढी होती, कुठे बोटभर, कुठे तिला फाटा फुटला, सगळे तिला तोंडपाठ झाले. आपण चोख माप दिले की शाळा लवकर होईल, असे तिला मनापासून वाटे. चिंचेखालून जायला मात्र तिला लाज वाटू लागली. ती दुसऱ्या बाजूने टेकडी चढे आणि उतरताना लांबूनच म्हणे, "पुढच्या हंगामात नक्की, गुरुजी." गुरुजी म्हणत, "बरं."

चिंचेखाली धुळीतली शाळा रोज पुसली जाई आणि रोज काढली जाई. आधी गुरुजी काढत, मग पिल्ले काढू लागली. खऱ्या शाळेत बसलेली पिल्ले मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली. नंतर आलेल्यांनी ती फक्त खालून पाहिली होती, तरी खिडकी कुठे आणि उंबरा केवढा हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. ती रोज टेकडीकडे पाहत. ऊन चढले की पट्टी चकाके, आणि कोणीतरी विचारे, "गुरुजी, आत गार असतं का हो?"

"खिडकी उघडली की असतं," गुरुजी सांगत. त्यांना त्या खोलीची फार आठवण येई. मातीच्या भिंतीला एक वास असतो, तो धुळीतून काढता येत नाही. राज्याच्या रीतीप्रमाणे भारद्वाजाच्या डोळ्यांची लाली उतरली की त्याने शिकवणे थांबवायचे असते, आणि गुरुजींची लाली उतरत चालली होती. यंदाची चिंच पिकली की ते जाणार होते. त्याआधी एकदा, एकच पाठ, पिल्लांना आत बसवून घ्यावा, एवढेच त्यांच्या मनात उरले होते. ते कोणाला बोलले नाहीत, पण घोरपडीला ते कळत होते.

त्या वर्षी पट्टी एकदम तीन ठिकाणी तडकली. अशा भिंतीला रांग नसे, म्हणून लगेच हुकूम सुटला: शाळा पाडावी आणि नोंदीप्रमाणे जशीच्या तशी नव्याने उभी करावी. घोरपड हुकूम तोंडात धरून टेकडीवर धावत गेली. वाळवीने एका दिवसात शाळा जमीनदोस्त केली. माती आली, कुंभारमाश्या आल्या, आणि त्यांच्या मुकादमिणीने पानांचा गठ्ठा सोडला. तिसावर पाने होती. तिने पहिले पाहिले, मधले पाहिले, शेवटचे पाहिले.

"बाई, यात सगळी भेगच आहे," ती म्हणाली. "शाळा कुठंय?"

घोरपडीने पाने उलटली. अक्षर तिचेच होते. अकरा वर्षांत तिने एकदाही दार मोजले नव्हते.

"खिडकी होती पश्चिमेला," ती म्हणाली.

"किती रुंद?"

घोरपडीने डोळे मिटले. भेग डोळ्यांपुढे आली, फाट्यांसकट. खिडकी येईना. ज्या खिडकीशेजारी ती लहानपणी दिवसच्या दिवस बसली होती ती तिला आठवेना, आणि तिला रडू आले.

"खाली गुरुजी आहेत. पिल्लं आहेत. त्यांना सगळं ठाऊक आहे," ती म्हणाली.

"तोंडी माप चालत नाही. लोकांची माती आहे, बाई." मुकादमीण तशी मनाची वाईट नव्हती. "तुम्ही नवं पान लावा, आम्ही थांबतो. पण पान लावलं की नंबर शेवटून, हे तुम्हालाच माहीत."

घोरपडीने चिंचेकडे पाहिले. शेंगा तपकिरी झाल्या होत्या. नवे पान लावले तर गुरुजींच्या डोळ्यांदेखत काहीच उभे राहणार नव्हते. निदान भिंत तरी दिसू दे, असे तिला वाटले, आणि तिने हुकुमावर आपल्या नखाची खूण केली. "बांधा," ती म्हणाली.

कुंभारमाश्यांनी कामात कसूर केली नाही. पानावर जे होते ते त्यांनी बांधले. पश्चिमेची भिंत उठली, आणि तिच्यात भेग सोडली गेली, सहा हात, मग नऊ, केसाएवढी तिथे केसाएवढी, बोटभर तिथे बोटभर. दाराचे पान नव्हते म्हणून दार झाले नाही, खिडकीचे नव्हते म्हणून खिडकी नाही. काम पुरे झाले तेव्हा मुकादमिणीने आठवण करून दिली की भिंतीला भेग आहे, तेव्हा पट्टी लावावी लागेल. घोरपडीने पट्टी लावली.

मग ती चिंचेच्या बाजूने टेकडी उतरली. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच. झाडाखाली पिकलेल्या शेंगा पडल्या होत्या आणि गुरुजींचा शेवटचा पाठ चालला होता. त्यांच्या डोळ्यांत लालीचा मागमूस नव्हता.

"झाली?" गुरुजींनी विचारले.

"भिंत झाली," घोरपड म्हणाली. गुरुजींनी वर टेकडीकडे पाहिले. पट्टी चकाकत होती.

घोरपड त्यांच्याजवळ जायला निघाली, तोच मुंगसाची धाकटी पोर जागेवरून म्हणाली, "इकडून नाही. तिथं भिंत आहे. दार पलीकडं."

घोरपड थबकली. तिने खाली पाहिले. पायाशी धुळीत रेघ होती. ती वळसा घालून दाराशी आली. चपला काढून ठेवाव्यात तशी तिने मापाची दोरी उंबऱ्याबाहेर ठेवली, चारही पाय पुसले आणि आत गेली.

पिल्लांनी वाट दिली. ती पश्चिमेच्या रेघेपाशी पोहोचली आणि सवयीने तिच्यावरून नख फिरवत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भेग कुठेच नव्हती. मध्ये एकाच जागी रेघ सोडलेली होती. घोरपड रेघेला लागून आडवी झाली, तेव्हा त्या मोकळ्या जागेत तिचे डोके बरोबर मावले, आणि टेकडीवरून येणारा वारा तिच्या तोंडावर आला.

"भिंतीवर बस," गुरुजी म्हणाले. "पण लक्ष फळ्याकडे."