पाकळी सुकेपर्यंत

“आणि फुडच्या आठवड्यात?” तात्यांनी विचारलं.

“पुढच्या आठवड्यात दुसरं काहीतरी. पत्त्यांचा एक नवा संच मागवलाय, झाडांचा. नाहीतर पक्ष्यांचा उघडेन. अजून ठरलं नाही.”

“आणि ह्या आठवड्यात?”

“या आठवड्यात तुमचा कौल,” शाल्मली म्हणाली आणि गोड हसली.

तात्या गुरव हसले नाहीत. ते देवीसमोर मांडी घालून बसले होते आणि तांब्याच्या ताटलीत फुलाच्या पाकळ्या सोडवत होते. लांबलांबून माणसं या देवळात यायची आणि तात्यांकडून कौल लावून घ्यायची. तात्या कमी बोलत, आणि त्यांच्या कमी बोलण्याचीही लोकांना धास्ती वाटे.

शाल्मली कोल्हापूरची. टॅरो बघायची. दर सोमवारी पत्त्यांचा नवा संच फोडायचा, त्याला धूप दाखवायचा, आठवडाभर त्याच्याशी ओळख करून घ्यायची आणि रविवारी मोबाइलसमोर बसून जगाला सांगायचं, असा तिचा नेम होता. मांजरांचा संच झाला, समुद्राचा झाला, काळ्या कागदावर सोनेरी शाईचा झाला. साड्यांचं कपाट रिकामं करून तिथे पत्ते ठेवले होते. लोक तिला मानत. तीही स्वतःला बऱ्यापैकी मानत असे.

आता पत्ते सोडून एक आठवडा कौलाचा करायचा, म्हणून ती घाट उतरून आली होती. गाडी तिनं चालवली. पत्त्यांची पिशवी, पाण्याच्या बाटल्या आणि दशम्यांचा डबा तिच्या थोरल्या बहिणीनं, हेमाताईनं, मांडीवर धरला होता. हेमाताई आत्ता बाहेर विहिरीपाशी पाय धूत होती.

“मी सगळं वाचून आलेय,” शाल्मली म्हणाली. “देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाणी सुकलं की पाकळी पडते. तसं सोपंच आहे.”

“होय. सुकली की पडता.”

“मग त्यात देव कुठे आला, तात्या?”

तात्यांनी एक देठ मोडून बाजूला टाकला.

“सुकापर्यंत तू हंयसरच बसतलंस मा?”

“बसेन की.”

“मगे बस.”

हे काही उत्तर झालं नाही, असं शाल्मलीला वाटलं. पण वाक्य बरं होतं. रविवारी वापरता येईल म्हणून तिनं ते लक्षात ठेवलं.

“सांग तुझो प्रश्न,” तात्या म्हणाले.

शाल्मलीनं डोळे मिटले, हात छातीवर ठेवला आणि एक लांब श्वास घेतला. मोबाइलसमोर ती हे फार छान करत असे. डोळे उघडले तर तात्या तसेच तिच्याकडे बघत होते.

“सांग.”

“सांगितला. मनात.”

“देवीक मनातला चलत नाय. मोठ्यान सांगूचा लागता. चारचौघांका आयकाक येवक होया.”

चारचौघं होती. मंडपात दोन बायका हार गुंफत होत्या आणि खांबाला टेकून एक म्हातारे गृहस्थ पेंगत होते.

“पण प्रश्न मनातच धरायचा असतो ना? पत्त्यांमध्ये तर...”

“पत्ते खंय कोणाक सांगाक जातत?”

शाल्मलीनं मागे वळून दाराकडे पाहिलं.

“प्रश्न कोणाचो?”

“माझ्या ताईचा. म्हणजे तिच्याबद्दल आहे. तिच्या वतीनं मीच...”

“गो बाये,” तात्यांनी दाराकडे बघून हाक मारली, “भितर ये. तुझो प्रश्न आसा.”

हेमाताई आत आली. ओले पाय देवळाच्या फरशीवर उमटू नयेत म्हणून ती टाचा उचलून चालत होती. पत्त्यांची पिशवी तिच्या खांद्यावरच होती. देवीला नमस्कार करून ती शाल्मलीच्या शेजारी, जराशी मागे बसली. तिची बसायची जागा नेहमी हीच असे, जराशी मागे.

“सांग,” तात्या तिसऱ्यांदा म्हणाले.

“माझ्या ताईला एक स्थळ आलंय.” शाल्मलीचा आवाज खाली गेला. “तिनं... तिनं लग्न करावं का?”

हेमाताईचं तोंड लाल झालं. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईच्या लग्नाची गोष्ट अनोळखी माणसांसमोर निघाली होती. हार गुंफणाऱ्या बायकांनी मात्र मान वर केली आणि तिच्याकडे बघून इतक्या आपलेपणानं हसल्या की ती आणखीच लाजली.

स्थळ इचलकरंजीचं. वसगडेकर नाव, सायकलींचं दुकान, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकदाच घरी आले, हेमाताईनं केलेला भडंग दोनदा मागून घेतला आणि जाताना तिलाच म्हणाले, “माझ्याकडून फोन येणार नाही, उगाच दडपण नको. तुमचं ठरलं की तुम्ही करा. गप्प राहिलात तर मी काय ते समजून जाईन.”

तेव्हापासून हेमाताई गप्प होती. कारण शाल्मली म्हणाली होती, आधी पत्त्यांना विचारू.

तात्यांनी पाण्यात बोटं बुडवली, मग थांबले.

“ह्येच्याआदी खंय इचारलेलास?”

“का?”

“आदी कौल घेतलो असलो तर तो देवीक सांगूचो लागता. लपवन दुसरो मागूचो नाय.”

“पत्त्यांना विचारलं होतं.”

“मगे? पत्त्यांनी काय सांगल्यानी?”

शाल्मलीनं देवीकडे पाहिलं, मग ताटलीकडे, मग स्वतःच्या नखांकडे...

रविवारची रात्रीची जेवणं झाली, ओटा पुसून झाला की हेमाताई पदराला हात पुसत तिच्यासमोर येऊन बसायची. “काय म्हणतात गं?” एवढंच विचारायची. शाल्मली पत्ते पिसायची, मांडायची. आणि पत्ते दर वेळी एकच म्हणायचे. कधी दोन पेले समोरासमोर, कधी दिवा लागलेलं घर. एका संचात तर हंसांची जोडीच निघाली. इतकं सरळ उत्तर शाल्मलीच्या गिऱ्हाइकांनाही कधी मिळालं नव्हतं.

ताईला नीट दिसायच्या आत ती घाईघाईनं पत्ते गोळा करायची. “हा संच अजून हाताला बसला नाही गं ताई. पुढच्या आठवड्यात नवीन येतोय, त्यात बघू.”

“बरं,” हेमाताई म्हणायची आणि मटकी भिजत घालायला उठायची.

ताई राहायची शाल्मलीच्याच घरी. ती गेली तर मटकी कोण भिजत घालणार? शाल्मलीचा नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. सासऱ्यांना इन्सुलिन द्यायचं ते ताईनं. दूधवाला, गॅसवाला, पाणी कधी येतं, सगळं ताईला ठाऊक. घरात साखरेचा डबा कुठल्या फळीवर असतो, हे शाल्मलीला विचारलं असतं तर तिला पत्तेच काढून बघावे लागले असते.

आपण नीट खात्री करून घेतोय, असं ती स्वतःला सांगत आली होती. सांगताना तिला ते खरंही वाटायचं.

“देवी आयकता,” तात्या म्हणाले.

एक थाप तिच्या ओठांवर आली. पत्ते स्पष्ट बोलले नाहीत म्हणायचं. सोपं होतं. तिनं तोंड उघडलं, पण तिच्याआधी हेमाताईच बोलली.

“पत्त्यांनी अजून काही सांगितलं नाही हो,” ती तात्यांना म्हणाली. लहान बहिणीला कुणी रागावू नये, म्हणून तिचा आवाज मधे पडत होता. “तिचा दोष नाही त्यात. एकही संच हाताला बसत नाही तिच्या. किती खटपट करते बिचारी माझ्यासाठी! दर आठवड्याला नवा मागवते. मी म्हणते, जाऊ दे गं, एवढा खर्च कशाला माझ्यापायी...”

शाल्मलीच्या कानशिलांतून जाळ निघाला. आत्ता ही फरशी दुभंगावी आणि आपण आत जावं, असं तिला मनापासून वाटलं. फरशी जागची हलली नाही.

“हो म्हणाले,” ती पुटपुटली.

“मोठ्यान,” तात्या म्हणाले.

“हो म्हणाले पत्ते!” तिचा आवाज मंडपभर झाला. खांबाला टेकलेले गृहस्थ जागे झाले. “पहिल्या दिवसापासून हो म्हणतायत. मी... मी तुला सांगितलं नाही, ताई.”

हार गुंफणाऱ्या बायकांच्या सुया थांबल्या.

हेमाताईला आधी समजलंच नाही. ती शाल्मलीकडे बघत राहिली. समोरच्यानं चुकून भलतंच काही सांगितलं असेल, आता दुरुस्त करेल, अशा नजरेनं.

“मांजरांचा पण?” तिनं विचारलं.

“हो.”

“तो समुद्राचा... त्यात तर वादळ निघालं होतं. तू म्हणालीस.”

“वादळ नव्हतं, ताई. होडी होती.” शाल्मलीला पुढचं बोलवेना. “दोन माणसं बसलेली.”

“सगळे?”

“सगळे.”

हेमाताईनं मान हलवली, हिशेब लागला की ती हलवायची तशी. मग खांद्यावरची पत्त्यांची पिशवी उतरवली आणि शाल्मलीच्या पुढ्यात ठेवली. घरापासून इथवर ती तिनं खाली ठेवली नव्हती.

“बाये,” तात्यांनी विचारलं, “तुका कौल लावू?”

हेमाताईनं देवीकडे पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. “मला फोन करायचाय. इथे रेंज कुठे मिळते हो?”

“पारार जावा,” हारवाल्या बायकांतली एक लगबगीनं म्हणाली. “पिंपळाखाली बरी गावता.”

हेमाताई उठली. शाल्मलीनं तिच्या पदराचं टोक धरलं, लहानपणी धरायची तसं.

“ताई, मी...”

“थांब गं जरा,” हेमाताई म्हणाली आणि पदर सोडवून घेतला. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर शाल्मलीला रडता तरी आलं असतं.

या वेळी हेमाताई टाचा उचलून चालली नाही. तिच्या ओल्या पावलांचे ठसे दारापर्यंत उमटत गेले.

सुया पुन्हा चालू झाल्या. त्या दोघी आपल्याकडे बघत नाहीत हे शाल्मलीला कळत होतं, आणि मुद्दाम बघत नाहीत हेही कळत होतं. रविवारी जगाला काय सांगायचं, हा विचार तिच्या मनात आलाच नाही. पिशवीत पत्ते गच्च भरलेले होते, आणि तिला त्या पिशवीला हात लावायचीही लाज वाटत होती.

“तात्या,” ती म्हणाली, “माझा एक प्रश्न लावा.”

“सांग.”

तिनं डोळे मिटले नाहीत. छातीवर हातही ठेवला नाही.

“ताई मला माफ करेल का?” ती मोठ्यानं म्हणाली. शेवटच्या शब्दाला आवाज चिरकला, तरी तिनं तो खाली येऊ दिला नाही.

तात्यांनी दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या. एक देवीच्या उजव्या खांद्याला लावली, एक डाव्या. पुटपुटत गाऱ्हाणं घातलं. त्यात शाल्मलीचं नाव होतं आणि हेमाताईचंही. मग ते भिंतीला टेकून बसले.

शाल्मली बघत राहिली.

पाकळ्या हलत नव्हत्या. देवळातला गारवा, समईचा वास, बाहेर कुठेतरी नारळ सोलल्याचा आवाज... पारावरून हेमाताईचं बोलणं अस्पष्ट येत होतं. शब्द कळत नव्हते. मधेच ती हसल्यासारखी वाटली. असं हसणं शाल्मलीनं घरात कधी ऐकलं नव्हतं. ऐकलं नव्हतं, की कधी कान दिला नव्हता...

पाय बधिर झाले. तिनं मांडी बदलली नाही. एवढ्याशा फुलाच्या पाकळीकडे इतका वेळ बघत बसणं किती अवघड असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. पत्ता उलटला की उत्तर समोर, तेही आवडलं नाही तर दुसरा संच. तिला सवय त्याची.

आणि मग उजव्या पाकळीची कड सुटली.

आधी नुसती वळली. मग अर्धी पाकळी खांद्यापासून वेगळी झाली आणि एका टोकावर लोंबू लागली. शाल्मलीनं श्वास रोखला. तिचे हात आपोआप जोडले गेले. पडणार. आता पडणार. उजवीच पडणार...

तात्या उठले. तांब्यात बोटं बुडवली आणि दोन्ही पाकळ्यांवर पाणी शिंपडलं. उजवी पाकळी पुन्हा खांद्याला घट्ट चिकटली.

“तात्या!” शाल्मली ओरडली. “काय केलंत हे? पडत होती ती! सुकलीच होती!”

“होय.”

“मग... आता मी अजून किती वाट बघायची?”

तात्यांनी तांब्या खाली ठेवला.

“तुझ्या ताईन किती आठवडे बघल्यान गो?”